समायोजन कोणाचे? : दलित स्वकथने आणि महाविद्यालयातले पहिले वर्ष

गेल्या जुलैमध्ये आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक व्याख्यान झाले. विषय होता ‘नव्या वातावरणाशी समायोजन’. पाहुणे पुण्याहून आले होते. सज्जन गृहस्थ, बोललेही चांगले. लवकर उठावे, मन मोकळे करावे, न्यूनगंड टाकावा, स्वतःत बदल घडवावा, असा एकूण उपदेश होता. शेवटी त्यांनी एक छापील प्रश्नावली वाटली. येथे तुम्हाला प्रसन्न वाटते का, मित्र मिळाले का, शिक्षकांशी बोलताना भीती वाटते का, असे वीस प्रश्न आणि पुढे होय-नाहीचे चौकोन. कागद गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. जवळच्याच एका वाडीवरून येणाऱ्या मुलाने वीसही ठिकाणी ‘होय’ वर खूण केली होती. प्रसन्न वाटते का, होय. भीती वाटते का, तेही होय. मी त्याला बाजूला घेऊन विचारले. तो म्हणाला, “मॅडम, स्कॉलरशिपचा फॉर्म हाय ना ह्यो? नाही म्हटलं तर आडवत्याल.”

त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही. आजवर त्याच्यापुढे आलेल्या प्रत्येक छापील कागदाने काहीतरी दिले होते किंवा काहीतरी अडवले होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, बँकेचा कागद. कागद माणसाला त्याचे सुखदुःख विचारतो हा अनुभव त्याच्या घराण्यात अजून कोणाला आलेला नाही. त्या दिवशीच्या कागदांवरून जी काही टक्केवारी निघाली असेल, तिच्यात हा मुलगा बहुधा उत्तम समायोजित म्हणून बसला असेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अशा स्वागत-कार्यक्रमाला ‘दीक्षारंभ’ हे नाव दिले. आमच्या घरांत दीक्षा म्हटले की १४ ऑक्टोबर १९५६ आठवतो. नागपूरच्या त्या दीक्षेत माणसांनी जुने जग आपल्या इच्छेने टाकून दिले. इथल्या दीक्षेत नव्या जगाचे नियम मुकाट्याने उचलायचे असतात. पण हे जाता जाता.

‘समायोजन’ हा मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला शब्द. बोलताना आपण ‘ॲडजस्ट करणे’ म्हणतो. हा शब्द आपल्या घरात कोणाला उद्देशून येतो ते पाहावे. सासरी निघालेल्या मुलीला सांगतात, तिथे ॲडजस्ट करून घे बाई. सासूला असे कोणी सांगत नाही. महाविद्यालयात नव्याने आलेल्या मुलालाही तेच सांगितले जाते आणि महाविद्यालयाला कोणी सांगत नाही. मानसशास्त्राचे जाणकार म्हणतील की समायोजन दुहेरी असते, व्यक्तीप्रमाणे परिस्थितीलाही बदलावे लागते. पुस्तकात तसे असेल. माझ्या पाहण्यात वीस प्रश्नांतला एकही प्रश्न महाविद्यालयाला विचारलेला नव्हता.

मुलांच्या मनाकडे पाहूच नये असे मी म्हणते, असा अर्थ कोणी काढू नये. समुपदेशक हवेत, आणि ते पगारी हवेत. मराठीच्या बाईंना आठवड्यातला एक तास जादा देऊन ते काम उरकत नाही. ती बाई मीच असल्याने हे खात्रीने सांगते. माझी तक्रार निदानाविषयी आहे. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी आपल्यातून गेला. प्रवेश घेऊन त्याला जेमतेम तीन-चार महिने झाले होते. घरच्यांनी जातिभेदाचा आरोप केला. संस्थेने नेमलेल्या समितीला जातिभेदाचा थेट पुरावा आढळला नाही. अभ्यासातली घसरण हे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. प्रकरण नंतर पोलिसांकडे गेले, तो भाग मी येथे घेत नाही. मी साहित्य शिकवते, मला त्या विधानाची रचना दिसते. ज्याच्यावर बेतले त्याच्याच खात्यावर कारण जमा झाले. घसरण झाली ती कशाने, हा प्रश्न वाक्याच्या बाहेर राहिला.

याच्या शेजारी दुसरा एक अहवाल ठेवून पाहावा. दिल्लीच्या एम्समधील तक्रारींची चौकशी करण्यासाठी २००६ मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २००७ मध्ये तिचा अहवाल आला. थोरात अमरावती जिल्ह्यातले, औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. त्या समितीने विद्यार्थ्याच्या मनाआधी संस्थेची इमारत तपासली. वसतिगृहात कोण कोणत्या मजल्यावर राहतो, मेसमध्ये कोण कोणाशेजारी बसतो, खेळात कोणाला घेतात, शिक्षक कोणाला किती वेळ देतात. छळाला कंटाळून अनुसूचित जाती-जमातींची मुले वसतिगृहाच्या ठरावीक भागात एकवटली आहेत, असे तिला दिसले. नव्या विद्यार्थ्याविषयीची मी वाचलेली ही सर्वांत चांगली समीक्षा आहे, जरी ती साहित्याची नसली तरी. पुढे २०१२ मध्ये आयोगाने समतेसंबंधीचे विनियम काढले. संस्थेत भेदभावविरोधी अधिकारी असावा, समान संधी कक्ष असावा, असे त्यांत आहे. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली, तेव्हा हे विनियम कागदावर होतेच. त्यांच्या अंमलबजावणीसाठी दोघांच्या आयांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आता प्रश्न आपल्याला. अहवाल सरकारचे, प्रश्नावली पाहुण्यांची. पण या अनुभवाचे सर्वांत मोठे भांडार तर आपल्याच साहित्यात आहे. गावकुसाबाहेरच्या घरातून निघून शाळा, बोर्डिंग, कॉलेज असा प्रवास केलेल्या माणसांनीच आपली स्वकथने लिहिली. मग त्यांत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कुठे आहे?

‘बलुतं’ (१९७८) घ्या. दगडू मारुती पवार आपली कथा दया पवारांना सांगतो, ही रचना सगळे समीक्षक नोंदवतात आणि पुढे जातात. महारवाडा, कावाखाना, आई, भूक यांवर पाने लिहिली जातात. मला वाटते, त्या पुस्तकातली सर्वांत धीट गोष्ट ही रचनाच आहे. शिकून पांढरपेशा झालेला एक माणूस आणि ज्याला त्याने मागे ठेवले तो, असे दोघे समोरासमोर बसतात आणि दोघे एकच असतात. प्रश्नावलीने याला समायोजनाचा अभाव म्हटले असते. पवारांनी त्या दुभंगाला बुजवले नाही, त्यातून पुस्तकाचा आकार घडवला. हा दुभंग महारवाड्यात पडलेला नाही. तो शाळेच्या, बोर्डिंगच्या, कचेरीच्या वाटेवर पडला आहे.

आमच्या सातारा-सांगलीकडचे उदाहरण शंकरराव खरातांचे. आटपाडीच्या तराळाचा मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. स्वकथनाचे नावच ‘तराळ-अंतराळ’ (१९८१). समीक्षेने ही दोन टोके पाहिली. खाली तराळकी, वर कुलगुरूपद, आणि मध्ये जिद्द. जिद्द या एका शब्दाखाली किती रात्री झाकल्या जातात याची आपण चौकशी केली नाही.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मधले संस्कृत शिकण्याविषयीचे लेखन मी दर वर्षी वर्गात घेते. बाह्यतः कर्मठ वाटणारे शाळेतले गुरुजी त्यांना मनापासून शिकवतात आणि विद्यापीठातला नामवंत विभागप्रमुख त्यांचे तिथे असणे सहन करू शकत नाही. संस्कृत घेऊन एम.ए. झाल्यावर सोमकुवर या आडनावाला नोकरी मिळत नाही. विवाहानंतर पावडे या आडनावाला मिळते. बाईंनी हे लपवले नाही, त्यावर यशाचा मुलामाही चढवला नाही. माझ्या वर्गातल्या मुली एरवी स्वकथनातली भूक वाचताना मान खाली घालतात. हे वाचताना मान वर करून बोलू लागतात. आपल्या आडनावाचे काय होते ते सांगतात. खोली भाड्याने घेताना घरमालकीण आधी आडनाव विचारते आणि मग भाडे सांगते, हे मला एका मुलीने सांगितले, ते याच तासाला.

आपल्या समीक्षेला हा अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी का दिसली नाही? प्रस्थापित समीक्षेला गावकुसाबाहेरचे दर्शन हवे होते, कारण ते तिला नवे होते. स्वकथने साहित्य की समाजशास्त्राचे दस्तऐवज, या वादात तिची बरीच वर्षे गेली. हे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरे आहे. पण आपल्या बाजूलाही एक सोय होती. आपल्याला गावात सोसणारा हवा होता आणि शहरात विद्रोह करणारा हवा होता. या दोहोंच्या मध्ये, वसतिगृहाच्या गच्चीवर कोणाला न दिसेल असा रडणारा मुलगा चळवळीच्या उपयोगाचा नव्हता. तो अजून कोणाला नकार देत नव्हता. त्याला फक्त घरी जायचे होते. असे पात्र आपण समीक्षेत बसवले नाही, आणि सभेत तर नाहीच नाही.

याहून मोठी अडचण स्वकथनाच्या प्रकारातच आहे. स्वकथन कोण लिहितो? जो शेवटपर्यंत पोहोचला तो. ज्याच्या हाती लेखणी टिकली तो. त्यामुळे वाटेतली प्रत्येक ठेच त्या पोहोचण्याच्या उजेडात दिसते. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) वाचताना हा मुलगा डॉक्टर होणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते, म्हणून आपण श्वास रोखत नाही. जो पहिल्या दिवाळीला पेटी घेऊन घरी आला आणि परत गेलाच नाही, त्याचे पुस्तक नाही. त्याची संख्या लिहिणाऱ्यांहून किती तरी मोठी असणार. आपल्या साहित्याचा एवढा मोठा भाग लिहिलाच गेलेला नाही आणि आपण त्याची उणीवही नोंदवली नाही.

शिरवळसारख्या गावात ही उणीव रोज दिसते. नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा लागतो. इथल्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात राज्याच्या लांबलांबच्या जिल्ह्यांतून मुले येतात. पावसाळ्यात महामार्गावर एस.टी.तून बॅगा घेऊन उतरणारी, पत्ता विचारणारी मुले दिसतात. आमच्या महाविद्यालयात मात्र आसपासच्या वाड्यांवरची. काही जण सकाळचे तास करून दुपारच्या पाळीला कंपनीत जातात. जी गुणांत पुढे ती पूल ओलांडून पुण्याला जातात. त्यांतली काही परत येतात आणि पुढच्या महिन्यात औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर ओळखपत्र अडकवून उभी असतात. गावात कोणी विचारत नाही. घरचे म्हणतात, पोराचं मन लागलं नाही.

माझ्याबरोबर निघालेली एक जण अशीच परत आली. आम्ही दोघी माण तालुक्यातल्या, शेजारशेजारच्या गावांच्या. २००६ साली एका मोठ्या शहरात एकाच वसतिगृहात गेलो. तिचे वडील आणि माझे वडील एकाच ऊसतोडीच्या टोळीत होते. गुण तिला माझ्यापेक्षा जास्त होते. पण ती बोलताना ‘हाय’ म्हणे, मी आठ दिवसांत ‘आहे’ म्हणू लागले. मेसमध्ये टेबलावर कोणी आडनाव विचारले तर ती सरळ सांगे. माझे आडनाव पाटलांतही चालते, म्हणून मी गप्प बसत असे आणि समोरची पोरगी आपल्या मनाने जे समजायचे ते समजे. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ च्या संग्रहातली. मी ती एम.ए.ला वाचली, तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या टेबलाची आठवण झाली. बागुलांच्या नायकाने नोकरीच्या गावी जात चोरली, त्याचा हिशेब त्याला मार खाऊन चुकवावा लागला. माझा हिशेब दुसऱ्या कोणी चुकवला. तिच्याशेजारी बसले तर माझेही कळेल, म्हणून मी सप्टेंबरपासून दुसऱ्या टेबलावर बसू लागले. ती दिवाळीला घरी गेली ती गेलीच. वसतिगृहाच्या नोंदवहीत कारण लिहिले होते, घरगुती अडचण.

मी समायोजित झाले होते. मला गुण मिळाले, नोकरी मिळाली, आणि आज मी समायोजनावर लेख लिहिते आहे.

दुसरी काही वाट होती का? शिरवळजवळ नायगाव आहे, सावित्रीबाईंचे माहेर. तिथल्या ३ जानेवारीच्या कार्यक्रमाला आम्ही दर वर्षी मुली घेऊन जातो. ऑक्टोबर १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या आणि तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. भाऊ त्यांची शुश्रूषा करीत होता, आणि तोच त्यांना सांगत होता की महारामांगांची कामे सोडा, जातीला धरून वागा, भट सांगतील तसे करा. प्रेमाने दिलेला समायोजनाचा सल्ला हा असा असतो, सख्ख्या भावाच्या तोंडून येतो. सावित्रीबाईंनी त्याला तिथेच उत्तर दिले आणि ते पत्रात लिहून कळवले. त्याच्या आदल्या वर्षी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी ‘ज्ञानोदय’मध्ये महारामांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. आपल्या गद्याची सुरुवात अशी एका विद्यार्थिनीने केली आहे. शाळेत आलेल्या मुलीला कोणी विचारले, ऐकले आणि छापले, तेव्हा हे झाले.

साताऱ्याला बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी शाळेत नाव घातले. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भाषणात गोणपाटाचा आणि पाण्याचा उल्लेख होतो आणि चहा होतो. त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांचे बोर्डिंग चालवले, ते पुढे छत्रपती शाहू बोर्डिंग. तिथे मुलाला आधी बदलायला सांगितले गेले नाही. चूल एक, पंगत एक, काम सगळ्यांना. म्हणजे बदल संस्थेने करून ठेवला होता, मुलगा त्यात येऊन बसला. बोर्डिंगमध्ये सगळे गोड होते असा माझा दावा नाही; त्याचा इतिहास आपण कर्मवीरांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या त्यागाच्या बाजूने ऐकला आहे, मुलांच्या बाजूने फारसा नाही. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाचेही, पुढच्या मिलिंदचेही, असेच आहे. तिथे आपला मुलगा वर्गात एकटा नव्हता, आणि त्या परिसरातून दलित साहित्याची एक पिढी बोलू लागली. एकटे नसणे आणि बोलू लागणे यांचा संबंध समीक्षेने तपासायला हवा. कोलंबियात बाबासाहेबांनाही लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना भेटले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. एक माणूस शेजारी बसला तर किती फरक पडतो याचा पुरावा शोधायला मला तरी न्यूयॉर्कला जायची गरज नाही.

माझी ती मैत्रीण लग्नानंतर योगायोगाने शिरवळलाच आली. एका कंपनीत पॅकिंग विभागात आहे. तीन वर्षांपूर्वी बाजारात भेटली, तिनेच हाक मारली. मी तिला वाचायला ‘अंतःस्फोट’ दिले. पंधरा दिवसांनी तिने ते वर्तमानपत्राचे कव्हर घालून परत आणले. म्हणाली, “बाई लई खरं लिहित्यात. पण त्यांस्नी शेवटी नोकरी लागली गं. माझं कुठं हाय ह्यात?” माझ्याकडे दाखवायला दुसरे पुस्तक नव्हते. मी म्हटले, तूच लिही.

ती हसली होती. पण या उन्हाळ्यात तिने सुरुवात केली. पाळी नसेल त्या दिवशी, मुलाच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते. पहिल्या पानावर मेसची घंटा आहे. दुसऱ्यावर इंग्रजीचा तास, त्यात सरांनी विचारलेला प्रश्न तिला कळला होता आणि उत्तरही येत होते, एवढेच. तिसऱ्यावर गावाकडे जाणाऱ्या एस.टी.च्या वेळा, सगळ्या पाठ. भाषा तिची बोलीच आहे, मी एक शब्द सुधारलेला नाही. चार पाने झाली आहेत. पाचव्या पानापाशी ती थांबली, कारण तिथे दुसरे टेबल येते आणि त्या टेबलावर मी बसलेली आहे. नाव घालू का, असे तिने मला विचारले. घाल, म्हणून सांगितले आहे.